पाया खणण्याआधीचा चर : किल्केनीतील पुरातत्त्वीय चाचणी

आयर्लंडच्या आग्नेय भागात नोर नदीच्या काठी वसलेल्या किल्केनी शहरात एखाद्या दुकानदाराला आपल्या दुकानामागच्या आवारात दोन मजली इमारत उभी करायची असेल, तर परवानगी मिळवण्याच्या वाटेवर त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : या आवाराच्या पोटात काय आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? कागदपत्रांतून या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे मिळवण्यासाठी त्या आवारात आधी एक-दोन अरुंद चर खणावे लागतात, परवानाधारक पुरातत्त्वज्ञाला ते तपासावे लागतात आणि मगच पायाचा विचार करता येतो. इमारतींच्या पायांचे आराखडे करणे हे माझे काम आहे, त्यामुळे अशा चरांच्या काठावर उभे राहण्याची वेळ माझ्यावर वरचेवर येते. या चाचणीविषयी बांधकामाच्या जागांवर जी कुरकुर ऐकू येते, ती बहुतेक वेळा चाचणी करावी लागल्याची नसून ती उशिरा झाल्याची असते, असे माझे मत बनले आहे. ते कशामुळे बनले, हे नीट मांडावे म्हणून हा लेख.

किल्केनीचे जुने शहर खरे तर दोन वस्त्यांचे मिळून झालेले आहे. उत्तरेला सेंट कॅनिसच्या कॅथेड्रलभोवतीचे आयरिशटाउन आहे. त्याचे मूळ एका प्राचीन ख्रिस्ती मठात आहे आणि त्या मठाचा उंच गोल मनोरा आजही कॅथेड्रलला लागून उभा आहे. दक्षिणेला, विल्यम मार्शल या अँग्लो-नॉर्मन सरदाराच्या किल्ल्याच्या आश्रयाने तेराव्या शतकाच्या सुमारास वाढलेले हायटाउन आहे. दोहोंच्या मधून ब्रेगा ही छोटी नदी वाहत येऊन नोरला मिळते. किल्ल्याकडून कॅथेड्रलकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब, अरुंद पट्ट्यांसारख्या जागा आखलेल्या होत्या. त्यांना बर्गेज म्हणतात. पट्टीच्या तोंडाशी रस्त्यावर घर किंवा दुकान, त्यामागे कामाचे अंगण, मग विहीर, शौचखड्डा, उकिरडा, परसबाग आणि शेवटी काही ठिकाणी थेट शहराची तटबंदी, अशी त्यांची रचना असे. जॉन रोक याने १७५८ साली केलेल्या किल्केनीच्या नकाशाशी आजची हद्दीची रेषा ताडून पाहिली, तर कित्येक ठिकाणी तीच भिंत, त्याच ओळीत, अजून उभी असल्याचे दिसते. पार्लमेंट स्ट्रीटवरचे रोथ हाउस हे १५९४ ते १६१० या काळात एकामागोमाग एक बांधलेल्या तीन घरांचे संकुल आहे आणि त्याच्यामागची बर्गेजची संपूर्ण लांबी आजही चालून पाहता येते. तेथील बागेच्या जागेचे आधी उत्खनन झाले, मग सतराव्या शतकातील बागेच्या धर्तीवर तिची पुन्हा मांडणी झाली आणि २००८ साली ती लोकांसाठी खुली झाली.

या रचनेत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती ध्यानात आल्याशिवाय चाचणीचे महत्त्व कळत नाही. रस्त्याकडची घरे शतकानुशतके पाडली गेली, पुन्हा बांधली गेली, त्यांच्याखाली तळघरे खणली गेली. त्यामुळे मध्ययुगीन शहराचे जे काही थर तेथे होते, ते पुष्कळ ठिकाणी कधीच नाहीसे झाले आहेत. मागच्या अंगणांना मात्र कोणी फारसा हात लावला नाही. घरातला कचरा, फुटकी भांडी, हाडे, शिंपले, चामड्याचे तुकडे आणि शौचखड्ड्यातला मैला हे सारे मागेच पडत राहिले, आणि शहराच्या रोजच्या जगण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा याच ठिकाणी साचला. आजच्या बांधकामालाही नेमकी तीच जागा हवी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयर्लंड सरकारने ‘टाउन सेंटर फर्स्ट’ हे धोरण जाहीर केले, ज्याचा उद्देश शहरांच्या ओस पडत चाललेल्या मध्यभागी लोकांनी पुन्हा राहायला यावे हा आहे. घरांची टंचाई इतकी तीव्र असताना हे धोरण योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. परंतु मध्यभागी नवी घरे बांधायची म्हणजे दुकानांच्या मागच्या, गाड्या लावण्यापुरत्या उरलेल्या या डांबरी आवारांतच बांधायची. म्हणूनच तेथे चर कधी आणि कसा खणला जातो, याला इतके महत्त्व आहे.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. आयर्लंडचा मूळ राष्ट्रीय स्मारक कायदा १९३० सालचा. त्याच्या कलम २६ नुसार पुरातत्त्वीय हेतूने जमीन खणायची असेल तर सरकारी परवाना लागतो. हा परवाना कंपनीला मिळत नाही, एका व्यक्तीच्या नावाने मिळतो, आणि त्या कामाची जबाबदारी तिच्या एकटीवर असते. १९८०च्या दशकात जॉन ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या शहरांचे काउंटीवार सर्वेक्षण केले आणि प्रत्येक शहराभोवती पुरातत्त्वीय शक्यतेची एक सीमारेषा आखली. १९९४च्या दुरुस्तीने स्मारकांची आणि स्थळांची अधिकृत नोंद तयार झाली. त्या नोंदीतल्या स्थळावर किंवा त्याच्या लगत काम करायचे असेल, तर दोन महिने आधी लेखी सूचना देणे बंधनकारक झाले. किल्केनीसारख्या शहरात ही नोंद एखाद्या मनोऱ्यापुरती किंवा दरवाजापुरती नसते. अख्खे मध्ययुगीन शहर हीच एक नोंद असते. आता हे सारे जुने कायदे २०२३च्या नव्या वारसा कायद्यात सामावले जात आहेत आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू आहे.

आपल्याकडच्या वाचकांना यातला फरक पटकन कळेल. २०१० सालच्या दुरुस्तीनंतर भारतात केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियमन आहे. म्हणजे रेषा उभ्या असलेल्या वास्तूपासून मोजली जाते. आयर्लंडच्या शहरांत ती जमिनीखालच्या शक्यतेभोवती आखलेली आहे, मग वर दिसायला काहीही शिल्लक नसले तरी चालते.

ही समज आपोआप आलेली नाही. डब्लिनमधील वुड की येथे महापालिकेची कार्यालये बांधण्याचे ठरले आणि १९७०च्या दशकात तेथे उत्खनन सुरू झाले, तेव्हा ओल्या चिखलात जपल्या गेलेल्या व्हायकिंग काळातील वस्तीचे रस्ते, कुडाच्या भिंतींची घरे आणि अंगणे समोर आली. ती जागा वाचावी म्हणून २३ सप्टेंबर १९७८ रोजी डब्लिनच्या रस्त्यांवर सुमारे २०,००० लोक उतरले. इतिहासाचे प्राध्यापक आणि धर्मगुरू एफ. एक्स. मार्टिन यांनी न्यायालयात लढा दिला, १९७९ मध्ये आंदोलकांनी जागेचा ताबाही घेतला. तरीही कार्यालये झालीच. उत्खनन १९८१ पर्यंत चालले आणि त्यातून मिळालेल्या ज्ञानाने आयरिश शहरांचा इतिहास नव्याने लिहावा लागला. पण इमारतीचा निर्णय आधी आणि जमिनीची ओळख नंतर, असा उलटा क्रम लागला की काय होते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. पुढची धोरणे याच अनुभवातून घडली. पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासाठी १९९२ साली व्हॅलेटा येथे झालेला युरोपीय करार आयर्लंडने १९९७ मध्ये मान्य केला. १९९९ मध्ये सरकारने आपली तत्त्वे प्रसिद्ध केली, ज्यांत दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या आहेत : अवशेष शक्यतो जागच्या जागी राहू द्यावेत, आणि बांधकामामुळे ते हलवावेच लागणार असतील तर उत्खननाचा, अभ्यासाचा आणि अहवालाचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसावा.

आता प्रत्यक्ष चाचणी कशी होते ते सांगतो. आधी कागदपत्रांचा अभ्यास होतो : जुने नकाशे, करारपत्रे, शेजारच्या जागांवर पूर्वी झालेल्या उत्खननांचे अहवाल. त्यावरून चर कोठे घ्यायचे, किती लांब घ्यायचे, हे ठरते. परवान्याच्या अर्जाला कामाची पद्धत सविस्तर जोडावी लागते. खर्चाची तरतूद आहे, असे बांधकाम करणाऱ्याचे लेखी पत्रही लागते. आणि राष्ट्रीय संग्रहालयाचे मत घेतले जाते. जागेवर खोदयंत्र येते ते सपाट, बिनदाती बकेट लावून, कारण दात असलेली बकेट थरांच्या कडा फाडते आणि मग खड्डा कोठे संपतो व मूळ जमीन कोठे सुरू होते ते कळत नाही. चराची रुंदी साधारण या बकेटएवढीच असते. यंत्रचालक एका वेळी माती अगदी पातळ खरवडतो आणि पुरातत्त्वज्ञ बकेटच्या पुढे उभा राहून प्रत्येक खरवडीवर नजर ठेवतो. दोघांची जोडी जमलेली असेल तर हे काम पाहण्यासारखे असते. हाताच्या एका इशाऱ्यावर यंत्र जागच्या जागी थांबते.

मुख्य रस्त्यामागच्या अशाच एका आवारात मी पाहिलेला चर अजून डोळ्यांसमोर आहे. वर डांबर, त्याखाली काँक्रीट, त्याखाली पाडलेल्या शेडच्या विटांचा चुरा. मग हातभर काळी, भुसभुशीत बागेची माती आली, जिच्यात मातीच्या पांढऱ्या चिलमींच्या नळ्या आणि निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे सापडत होते. ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली परसबाग. ती संपताच मातीचा रंग हिरवट तपकिरी झाला, चराच्या एका बाजूला काळसर डाग गोलाईत वळू लागला आणि यंत्र थांबवण्यात आले. पुरातत्त्वज्ञ बाई गुडघ्यांवर बसल्या आणि लहान करणीने त्या डागाची कड साफ करू लागल्या. वास आला तो कुजट, ओलसर आणि अगदी ताजा वाटावा असा होता. तो शौचखड्डा होता. वरच्याच थरात कालवांचे शिंपले होते, गायीच्या बरगडीचा तुकडा होता, आणि नखाएवढ्या जाडीचे, पांढऱ्या मातीचे, वर हिरवी ठिपकेदार झिलई असलेले एक खापर होते. ते त्यांनी बोटांत धरून फिरवले आणि सांगितले की हे सेंटोंज भागातले, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधून, बोर्दोच्या दारूच्या व्यापाराबरोबर जहाजाने आलेले मद्यपात्र असावे. समुद्र येथून बराच दूर आहे. तरीही तेराव्या-चौदाव्या शतकात या आवारात राहणाऱ्या कुटुंबाच्या घरात फ्रेंच सुरई होती, ती फुटली आणि मागच्या खड्ड्यात टाकली गेली.

त्यानंतर जे झाले, तेच चाचणीचे मर्म आहे असे मी समजतो : त्यांनी खड्डा उपसला नाही. चाचणीचे काम अवशेष बाहेर काढणे हे नसते. ते कोठे आहेत, किती खोलीवर आहेत, कोणत्या काळातले आहेत आणि कितपत टिकून आहेत, एवढे समजण्यापुरतेच खणायचे असते. कड साफ झाली, छायाचित्रे झाली, मोजमाप घेऊन आराखडा काढला गेला, समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवली गेली, आणि मग त्यावर कापडासारखा जिओटेक्स्टाइलचा थर अंथरून चर बुजवण्यात आला. माझ्यासाठी त्या नोंदींतली ती उंची सर्वांत मोलाची होती. मध्ययुगीन थराचा माथा कोठे आहे हे कळले की पायाचा तळ त्याच्या वर ठेवता येईल का, एवढाच प्रश्न उरतो. ठेवता येत असेल तर उथळ राफ्ट, म्हणजे इमारतीखाली पसरलेला काँक्रीटचा सपाट पाया, घालावी, जमिनीची पातळी थोडी उचलावी, सांडपाण्याच्या नळांचा मार्ग बदलावा, आणि पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, टाळता येत नसतील तर त्यांची संख्या कमी करून ते मोजून-मापून रिकाम्या जागी बसवावेत. हे सारे कागदावर असताना बदलायला फारसे काही लागत नाही.

येथेच वेळेचा मुद्दा येतो. आयर्लंडमध्ये स्थानिक प्राधिकरणाने बांधकामाच्या अर्जावर साधारणपणे आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. त्या मुदतीत ते दोनपैकी एका मार्गाने चाचणी मागू शकते. पहिला मार्ग म्हणजे निर्णय राखून ठेवून अधिक माहिती मागवणे; मग चाचणीचा अहवाल आल्यावरच परवानगीचा विचार होतो. दुसरा मार्ग म्हणजे परवानगी देऊन टाकणे आणि काम सुरू करण्यापूर्वी चाचणी करावी अशी अट घालणे. अर्जदाराला दुसरा मार्ग आवडतो, कारण हातात परवानगीचा कागद लवकर येतो, त्यावर बँक कर्ज देते, जागेची किंमत वाढते. पण मला तो मार्ग जवळजवळ नेहमीच महाग पडताना दिसला आहे. मी जवळून पाहिलेल्या एका प्रकल्पात परवानगी मिळाली, निविदा निघाली, कंत्राटदार ठरला आणि मग चर खणला गेला. त्यात जिन्याच्या आणि लिफ्टच्या खड्ड्याच्या बरोबर खाली जुन्या चुनखडकाच्या भिंतीचा चांगला टिकलेला पाया निघाला. इमारतीतला सर्वांत खोल खड्डा नेमका सर्वांत नाजूक जागी येत होता. जिना हलवायचा तर मंजूर नकाशा बदलतो, नकाशा बदलला की नवा अर्ज, आणि न हलवावा तर पूर्ण उत्खनन. कंत्राटदाराची माणसे रिकामी बसून राहिली आणि त्याचा खर्च मालकाच्या माथी आला. दोष सगळ्यांनी पुरातत्त्वाला दिला. हाच चर सहा महिने आधी खणला असता तर जिना दुसऱ्या कोपऱ्यात काढायला एक दुपार पुरली असती.

म्हणून अर्ज करण्याच्याही आधी, वास्तुरचनाकाराने पहिली रेघ ओढण्यापूर्वी, मालकाने स्वतःहून चाचणी करून घ्यावी असे मी ज्याला त्याला सांगतो. कायदा याला आडकाठी करत नाही. परवाना त्यासाठीही मिळतो. अडचण एकच असते आणि ती खरी आहे : जागेवर अजून जुने बांधकाम उभे असेल तर चर खणायचा कोठे? पण आवाराचा काही भाग तरी सहसा मोकळा असतो, आणि तेवढ्यातूनही खोलीचा अंदाज मिळतो. जिथे मोकळी जागाच नाही, तिथे पाडकाम जमिनीच्या पातळीपर्यंतच करून जुन्या फरशा आणि पाये चाचणी होईपर्यंत तसेच ठेवावेत. या जागांवरचे सर्वांत मोठे नुकसान मी बेफिकीर पाडकामात होताना पाहिले आहे, जेव्हा जुना पाया उपटताना शेजारचा शतकांचा थर यंत्राच्या एका ओढीसरशी निघून येतो.

लहान मालकाची बाजूही येथे मांडली पाहिजे. मोठ्या हॉटेलसाठी किंवा विद्यार्थी वसतिगृहासाठी चाचणीचा खर्च एकूण खर्चात जाणवतही नाही, पण ज्याला आईवडिलांसाठी मागे दोन खोल्या बांधायच्या आहेत त्याला यंत्राचे भाडे, पुरातत्त्वज्ञाचे मानधन, अहवाल आणि पुढे काही निघालेच तर उत्खननाची टांगती तलवार हे सारे जड जाते. शहराचा ठेवा सर्वांचा असेल तर त्याच्या पहिल्या चराचा भार एका घराने एकट्याने का उचलावा, हा प्रश्न मला न्याय्य वाटतो. घरगुती बांधकामासाठी निदान चाचणीपुरते सरकारी साहाय्य मिळाले, तर लोक ही गोष्ट लपवण्याऐवजी आपणहून विचारायला येतील.

चाचणीत काहीच निघाले नाही तर पैसे वाया गेले, असेही पुष्कळांना वाटते. तसे नाही. तळघराने सारे थर खाल्ले आहेत, आता हवा तेवढा खोल पाया घ्या, हे कळणे मालकासाठी सर्वांत चांगली बातमी असते. आणि शहराच्या अभ्यासकासाठी वस्ती येथवर पोहोचली नव्हती, ही माहितीही तितकीच कामाची असते. शहराच्या सीमा अशाच रिकाम्या चरांतून कळतात.

उलट, जेथे काही असण्याचा अंदाज नाही तेथे काय निघू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण किल्केनीतच आहे. रेल्वे स्थानकालगत, मध्ययुगीन शहराच्या बाहेर, १८४२ साली सुरू झालेले एक अनाथ-निर्धनांचे आश्रयगृह होते. इंग्रजी राजवटीत अशी वर्कहाउसे आयर्लंडभर बांधली गेली होती. त्या जागेवर मॅकडोना जंक्शन हे खरेदी संकुल बांधायचे ठरले. बांधकामापूर्वीच्या पुरातत्त्वीय कामात २००५ साली तेथे, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, सामूहिक दफनभूमी आढळली आणि २००६ मध्ये तिचे संपूर्ण उत्खनन झाले. ६३ खड्ड्यांत किमान ९७० माणसांचे अवशेष होते. बटाट्याच्या रोगाने आलेल्या महादुष्काळात, १८४७ ते १८५१ या वर्षांत, आश्रयगृहात मरण पावलेली ही माणसे होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मुले होती. दफनभूमी अपुरी पडल्यामुळे त्यांना आश्रयगृहाच्याच आवारात, एकावर एक शवपेट्या रचून पुरले गेले. मात्र एकेकाला कफन आणि शवपेटी मिळालेली होती, घाईतही तेवढी शालीनता पाळली गेली होती, हे उत्खननातूनच कळले. हाडांच्या अभ्यासात स्कर्व्हीच्या खुणा मोठ्या प्रमाणावर दिसल्या, कारण ज्या बटाट्यातून गरिबांना जीवनसत्त्व क मिळत होते, तोच नाहीसा झाला होता. या लोकांविषयी ज्या नोंदी होत्या त्या कारभाऱ्यांनी लिहिलेल्या होत्या. स्वतः त्यांचा असा हाच एक पुरावा. २०१० मध्ये अवशेषांचे त्याच परिसरात पुन्हा दफन झाले आणि तेथे स्मृतिउद्यान आहे. मी तेथे भाजी घ्यायला जातो तेव्हा आश्रयगृहाच्या जुन्या दगडी इमारती संकुलात सामावून घेतलेल्या दिसतात, आणि यंत्र आधी चालले असते तर काय झाले असते या विचाराने अजूनही अस्वस्थ व्हायला होते. अधिकृत नोंदीचा भर १७०० पूर्वीच्या स्थळांवर आहे. त्यामुळे नोंदीत नाही म्हणजे जमिनीत नाही, असे धरून चालणे किती घातक आहे हे या एका जागेने दाखवून दिले.

चाचणीमुळे मोठा प्रकल्प वळल्याचीही उदाहरणे आहेत. वॉटरफर्डच्या बाह्यवळण रस्त्याच्या आखणीवर २००३ मध्ये चर खणले गेले तेव्हा वुडस्टाउन येथे शूर नदीकाठी व्हायकिंगांची अज्ञात वस्ती सापडली, आणि रस्ता बाजूने वळवण्यात आला. कॉर्कमध्ये साउथ मेन स्ट्रीटवरील जुन्या मद्यनिर्मितीच्या जागेत २०१७ साली अकराव्या शतकातील, यू वृक्षाच्या लाकडाची, कोरीव मुठीची विणकराची तलवार, म्हणजे मागावर धागे ठोकून घट्ट बसवण्याची पट्टी, अख्खी निघाली; पाण्याने भरलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या मातीशिवाय लाकूड असे टिकलेच नसते. डब्लिनमध्ये ऑन्जर स्ट्रीटवरच्या लिडल दुकानात २०२० पासून काचेच्या जमिनीखाली अकराव्या शतकातील घराचा खोलगट भाग दिसतो आणि लोक त्यावरून सामानाच्या पिशव्या घेऊन चालतात. हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो, पण तो सर्वत्र जमणारा नाही. बहुतेक ठिकाणी अवशेषांसाठी सुरक्षित जागा म्हणजे अंधार, ओल आणि वर स्थिर भार एवढीच असते.

जागच्या जागी जतन या तत्त्वाविषयी मात्र माझ्या मनात एक शंका घर करून आहे. थराच्या वर राफ्ट घातली की कागदावर जतन झाले. पण शेजारच्या जागेत तळघर खणून पंप लावला आणि भूजलाची पातळी उतरली, तर ओलीवर टिकून राहिलेले लाकूड, चामडे आणि बिया काही वर्षांत कुजून जातील आणि वर इमारत असल्यामुळे ते कोणाला दिसणारही नाही. नोर आणि ब्रेगा यांच्या काठच्या सखल जागांना हा धोका जास्त आहे. अशा ठिकाणी भूजल मोजणाऱ्या नळ्या बसवून त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवण्याची अट परवानगीत असायला हवी, आणि ती पाळली जाते का हेही कोणीतरी पाहायला हवे. तसे होणार नसेल, तर काही जागा नीट उत्खनन करून, अभ्यासून, नोंदवून मोकळ्या करणे अधिक प्रामाणिक ठरेल.

किल्केनीत सध्या या सगळ्याची कसोटी नदीकाठच्या ॲबी क्वार्टरमध्ये लागत आहे. स्मिथविकची मद्यनिर्मिती २०१३ मध्ये तेथून हलली आणि शहराच्या तटबंदीच्या आतली एवढी मोठी जागा एकदम मोकळी झाली. तिच्या मधोमध तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा उभा आहे. जॉन क्लिन या ज्या भिक्षूने १३४८-४९ मधील प्लेगची हकीकत लिहून ठेवली, तो याच मठातला होता. मद्यनिर्मितीच्या टाक्यांनी आणि काँक्रीटने काय खाल्ले आणि काय झाकून वाचवले, हे एकेका चरातूनच कळणार आहे. एवढ्या मोठ्या जागेचा एक फायदा असा की इमारती सरकवायला वाव आहे, म्हणून येथे तरी अवशेषांकडे पाहून मोकळ्या जागा आणि रस्ते ठरावेत असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे, आणि पुष्कळ जण तो धरतातही.

शेवटी आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडे व्यवहाराचे. जुन्या शहरात घर घेण्याचा किंवा वाढवण्याचा विचार असेल, तर राष्ट्रीय स्मारक सेवेचा ऐतिहासिक स्थळांचा नकाशा महाजालावर विनामूल्य पाहता येतो. आपली जागा शहराच्या सीमारेषेच्या आत येते का ते वकिलाकडे जाण्यापूर्वीच पाहून घ्या. गेल्या पाच दशकांतील आयरिश उत्खननांचे गोषवारे एकत्र केलेला माहितीसंग्रहही सर्वांना खुला आहे, त्यात आपल्या रस्त्याचे नाव घालून शोधले की शेजाऱ्याच्या अंगणात किती खोलीवर काय लागले होते याची कल्पना येते. प्राधिकरणाशी अर्जापूर्वीच्या बैठकीत पुरातत्त्वाचा विषय आपणच काढा. यंत्राने जमीन खरवडताना हाडे किंवा भिंत दिसली तर काम तिथेच थांबवा आणि कळवा. सापडलेली वस्तू खिशात घालू नका, कारण ज्या पुरावस्तूला मालक नाही ती १९९४च्या कायद्याने राज्याची ठरते. आणि चाचणीचा अहवाल हाती आला की तो फाइलमध्ये न ठेवता सर्वांत आधी पायाचा आराखडा करणाऱ्याकडे पाठवा. त्यातला थरांच्या उंचीचा तक्ता आम्हाला पहिल्या दिवशी लागतो.